अवनीच्या केसांतला कापूस

जरा डोळे मिटा पाहू. अर्धवट नको, घट्ट. आता असं समजा, की डोळ्यांवर कुणीतरी फडकं बांधलंय आणि ते सोडायला तुमचे हात मोकळे नाहीत. तुम्ही कशावर तरी पडलेले आहात. ते मऊ आहे, आणि तरी टोचतंय. नाकात धूळ जाते, सारख्या शिंका येतात. जुन्या, न धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात डोकं खुपसावं तसा वास आहे. मधूनच डोक्यावरून विमान जातं, इतकं खालून, की छपराचा पत्रा थरथरतो. सांगा बरं, तुम्ही कुठे आहात?

नाही ना सांगता येत? अवनीलाही सांगता आलं नव्हतं. पण डोळे मिटूनसुद्धा तुम्हाला कितीतरी गोष्टी कळल्याच की! तशा तिलाही कळल्या होत्या. आणि तिच्या रागाचं मूळ हेच होतं, की घरी परत आल्यावर जो तो तिला एकच विचारत होता, "तुला दिसलं काय?" दिसलं नाही म्हटलं, की विचारणं संपलं.

अवनी सहावीत होती. घर मूळचं सांगलीकडचं, पण बाबा रेल्वेत इंजिनिअर, म्हणून बदली होईल तिकडे बिऱ्हाड. लखनऊला अलीगंजात ते राहायला आले तेव्हा अवनी जेमतेम बोलायला शिकत होती, त्यामुळे घरच्यांनी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असं चालायचं. घरात आई, बाबा आणि बाबांची मोठी बहीण चंद्रप्रभा आत्या. घरातलं सगळं आत्याच्या मताने चाले, आणि आत्याचं मत बदललं असं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

ट्यूशनहून बाहेर पडताना अवनीला कुणीतरी मागून उचललं आणि गाडीत कोंबलं. त्यानंतर सगळ्या शहरात तीच बातमी. टीव्हीवर तिच्या शाळेचं फाटक, तिची गल्ली, तिची सायकलसुद्धा दाखवून झाली. एवढा गवगवा झाल्यावर नेणारेच घाबरले असावेत. एका सकाळी त्यांनी तिला कानपूर रोडच्या कडेला सोडून दिलं आणि पळ काढला.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, चला, सुटली बिचारी. पण खरी गोष्ट सुरू होते ती इथून.

पोलिसांची जीप तिला घेऊन थेट घरी आली. खरं म्हणजे तिला आधी न्यायला हवं होतं दवाखान्यात. तिथे बाईडॉक्टरांनी तिला तपासलं असतं, तिचे कपडे कागदी पाकिटात ठेवले असते, नखांखालचा मळसुद्धा जपून काढला असता. का, ते पुढे येईलच. पण इन्स्पेक्टर पृथ्वीराज सिंहांना घाई होती. दारात कॅमेरे उभे होते, आणि मुलीला आईच्या हातात देताना त्यांना त्या कॅमेऱ्यांत दिसायचं होतं. ते दिसले. मग बैठकीत बसून त्यांनी चहा घेतला.

ते चहा पीत होते तेव्हा इकडे आत्याने पदर खोचला होता. अवनीला उंबऱ्याबाहेरच थांबवून तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. मीठ, मोहऱ्या, मिरच्यांनी दृष्ट काढली. मग न्हाणीत नेऊन वेणी सोडली, गुंता विंचरून काढला, आणि कढत पाण्याने असं न्हाऊ घातलं, की अवनीची पाठ लाल झाली. नखं कापून टाकली. अंगावरचा फ्रॉक आणि लेगिंग गच्चीवर लोखंडी घमेल्यात घालून पेटवून दिली.

"त्या मेल्यांची सावलीसुद्धा नको माझ्या लेकराच्या अंगावर," आत्या म्हणाली आणि हुंदका देऊन रडली. तिचं प्रेम खोटं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सरकारी प्रयोगशाळेतल्या विनीता मॅडम आल्या. उंच, चष्मा लावलेल्या, आवाज खाली ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी अवनीला "आप" म्हटलं आणि विचारलं, "आपको वहाँ कैसा लग रहा था? नीचे क्या था?"

अवनी एकदम सरळ बसली. परत आल्यापासून हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तिने भराभर सांगितलं. मऊ, पण टोचणारं. शिंका. कपड्यांचा वास. विमान.

मॅडमनी मान डोलावली आणि आत्याला विचारलं, "इनके वो कपड़े कहाँ हैं?"

"जला दिये," आत्या अभिमानाने म्हणाली. "सगळं जाळून टाकलं. नखंसुद्धा राखेत गेली."

 मॅडमनी चष्मा काढला. आवाज खालीच होता, पण आता त्याला धार आली होती. "माँजी, आदमी जहाँ लेटता है, वहाँ का कुछ न कुछ उसके साथ चला आता है. धागा, मिट्टी, बाल. वो कपड़े मुझे उस जगह का पता बता देते."

हे नीट समजून घ्या. तुम्ही वाळूत खेळून आलात की आईला सांगावं लागतं का, वाळूत होतो म्हणून? ती तुमच्या खिशात असते, चपलेत असते. लाकडाच्या वखारीत जाऊन या, भुसा सांगेल. आणि जाताना तुम्हीही तिथे काहीतरी सोडून येता, एखादा केस, बोटांचा ठसा. गुन्ह्याचा शास्त्रीय तपास करणारे लोक हेच शोधत असतात. अवनीच्या फ्रॉकवर ते सगळं होतं, आणि त्याची गच्चीवर राख झाली होती.

इन्स्पेक्टर साहेबही मॅडमबरोबर आले होते. ते हसत म्हणाले, "माताजी, सबूत मिटाने के जुर्म में तो आप भी अंदर हो सकती हैं!"

त्यांना तो विनोद वाटला. आत्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"और आप?" विनीता मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "ये सब हो रहा था तब आप कहाँ थे? बाहर चाय पी रहे थे ना?"

"अरे मॅडम, आपको काहे की टेन्शन? मुजरिम तो हमारे पास है. साइंटिफिक सबूत के साथ."

हा मुजरिम कोण, तर राजेश भैया. अवनीला रोज शाळेत आणि ट्यूशनला नेणारा ई-रिक्षावाला. त्या दिवशी तो नेहमीच्या जागी तिची वाट बघत उभा राहिला होता, ती आली नाही म्हणून स्वतःच घरी सांगायला आला होता. आणि त्यालाच यांनी धरलं होतं. का, तर त्याच्या रिक्षाच्या सीटवर अवनीचे केस सापडले आणि दांडीवर तिच्या बोटांचे ठसे. टीव्हीवर लाल अक्षरांत झळकत होतं, रिक्षात मिळाला पक्का पुरावा.

अवनीच्या कानशिलात रक्त उसळलं. "मैं रोज़ बैठती हूँ उसमें! मेरे निशान तो स्कूल की बेंच पर भी हैं. बेंच को भी पकड़ लो!"

"अच्छा! बच्ची तो वकील बनेगी," इन्स्पेक्टर साहेब हसले.

"अवनी, मोठ्यांशी असं बोलतात का?" बाबा म्हणाले.

"भैया ने नहीं किया, बाबा. उन लोगों की आवाज़ अलग थी. हाथ अलग थे."

"तू घाबरलेली होतीस बाळा. साहेब म्हणतात तर काहीतरी असेल ना."

काहीतरी असेल! अवनी उठून आत गेली आणि तिने दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. बाबा वाईट नव्हते. पूल बांधताना प्रत्येक खांबाची तीन-तीनदा तपासणी करणारा माणूस. पण एका माणसाचं आयुष्य ज्यावर टेकवलं होतं, तो खांब पोकळ आहे का, हे त्यांनी एकदाही वाजवून पाहिलं नाही. आपली मुलगी परत आली, एवढ्यावर त्यांचं भागलं होतं.

त्याच संध्याकाळी बाबा फोनवर कुणाशी तरी हळू बोलताना तिने ऐकलं. राजेशला ठाण्यात फार मारलंय. हाताची बोटं सुजलीत. उद्या तो कबूल करेल, साहेबांनी कागद तयार ठेवलाय.

अवनीला जेवण गेलं नाही. ती पलंगावर बसून राहिली. राजेश भैया तिची पाण्याची बाटली विसरली तर परत जाऊन आणायचा. चढावर रिक्षा अडली की, "बिटिया, दुआ करो, बैटरी रो रही है," म्हणायचा. तो न केलेलं कबूल करणार. आणि त्याला सोडवू शकेल असं जे काही होतं, ते जाळून, धुऊन, कापून झालं होतं. तिच्याच अंगावरचं, तिला न विचारता. तिने रागाने स्वतःची वेणी हातात घट्ट धरली.

आणि थांबली.

कपडे जळाले. नखं गेली. पण केस? न्हाऊ घालायच्या आधी आत्याने विंचरलं होतं. फणीत पुंजकाच्या पुंजका आला होता. त्याचं काय झालं?

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या वळणाच्या बायका आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. विंचरताना जे केस फणीत येतात, त्याला म्हणतात गुंतवळ. ते कुणी इकडेतिकडे टाकत नाही, कुणाच्या हाती लागलं तर करणी करतील म्हणून. आत्या घरातल्या सगळ्यांचं गुंतवळ एका कापडी पिशवीत साठवायची, आणि सायकलवरून केस विकत घेणारा आला की त्याला देऊन प्लास्टिकचा डबा नाहीतर चहाची गाळणी घ्यायची. आणि केस ती कधीच जाळायची नाही. घरात केस जळल्याचा वास म्हणजे अशुभ.

अवनी सकाळी उठली ती थेट स्वयंपाकघरात. आत्या बाहेर जायच्या तयारीत होती. भल्या सकाळी, चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी.

"आत्या, मेरे बाल कहाँ हैं?"

"डोक्यावर आहेत की."

"उस दिन वाले. कंघी वाले."

"कुठले गं? ते गेले पाण्याबरोबर."

आत्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. अवनी दारात आडवी उभी राहिली.

"तुम कहाँ जा रही हो?"

"नदीवर. गोमतीला दिवा सोडायचा बोलले होते, तू सुखरूप आलीस म्हणून. सर बाजूला."

"थैली दिखाओ."

"अवने! आत्याची पिशवी तपासतेस? एवढी मोठी झालीस?"

"हाँ, हो गयी!" अवनी ओरडली. इतक्या मोठ्याने, की आई धावत आली. "सब लोग मेरे साथ जो मन में आये करते हैं! वो लोग उठाके ले गये. तुमने जला दिया, धो दिया. किसी ने मुझसे पूछा? बाल मेरे हैं ना? मेरे सिर के हैं ना? दो!"

आत्या ओट्याला टेकली.  मग तिने पिशवीत हात घातला आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी काढली.

"त्या जागेतून आलेले केस घरच्यांच्या केसांत कशाला मिसळायचे म्हणून वेगळे ठेवले होते," ती पुटपुटली. "नदीत सोडणारच होते. पण तो साहेब म्हणाला ना, मलाच आत टाकतील. म्हणून म्हटलं, आजच उरकून टाकावं. या वयात पोलिसांच्या दारात जाऊ का गं मी?"

"और राजेश भैया जाये?" अवनी म्हणाली.

 आत्याचं मत बदललेलं अवनीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते तोंडाने कळलं नाही, हाताने कळलं. आत्याने पुडी ओट्यावर ठेवली.

आईने विनीता मॅडमना फोन केला. गोमती नगरातून त्या स्कूटरवरच आल्या. हातमोजे घालून त्यांनी पुडीची एक बाजू जराशी उघडली आणि भिंग धरलं. काळ्या केसांच्या पुंजक्यात बारीक, तुटक तंतू अडकलेले होते. लाल, हिरवे, निळे, एक चमकता गुलाबी.

"ये इनके कपड़ों का नहीं है," मॅडम म्हणाल्या. "पुराने कपड़े मशीन में फाड़कर रूई बनाते हैं, सस्ती रज़ाई में भरने के लिए. माँजी, एक बात अच्छी की आपने. कागज़ में रखा. प्लास्टिक में रखतीं तो सड़ जाता."

आत्याने कालपासून पहिल्यांदा मान वर केली. "प्लास्टिकचा भरवसाच नाही मला," ती म्हणाली.

"तो अब ले जाइए ना! भैया को छुड़ाइए!" अवनी म्हणाली.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. ही वस्तू त्यांना अशी उचलून नेता येत नव्हती. पोलिसांनी ती साक्षीदारांसमोर जप्त करायची, कुठे मिळाली, कुणी ठेवली, ते लिहायचं, लाखेची मोहोर लावायची आणि मग प्रयोगशाळेत पाठवायची, असा नियम. नियम चांगलाच आहे. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, तुम्हीच घातला तो कापूस. पण नियम पाळणारा माणूस चांगला नसेल, तर तोच नियम कुलपासारखा दारावर बसतो.

म्हणून दुपारी त्या चौघी ठाण्यात गेल्या. बाबा कामावर होते. त्यांना आईने फोनवर कळवलं, विचारलं नाही.

इन्स्पेक्टर साहेबांच्या टेबलावर राजेशचा कबुलीचा कागद पडलेला होता. खाली अंगठा तेवढा उठायचा होता. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी कण्हत होतं. तो आवाज अवनीने ओळखला. पण ती रडली नाही.

"ये?" साहेबांनी पुडीकडे पाहिलं. "कंघी के बाल? दो दिन से रसोई में पड़े थे. कोर्ट हँसेगा, मॅडम."

"कोर्ट को हँसने दीजिए. आप ज़ब्त कीजिए."

"और रखे किसने थे?"

"मी," आत्या पुढे झाली.  "मैंने. मेरा नाम लिखो. चंद्रप्रभा. कपडे बी मीच जाळले, ते बी लिखो."

साहेबांनी खुर्ची मागे रेटली. आता ते हसत नव्हते. "चलिए, मान लिया. पर ये बाल इसी बच्ची के हैं, ये कैसे साबित होगा?"

"इनके सिर के बाल मिलान के लिए चाहिए. अस्पताल में लेडी डॉक्टर निकालेंगी. जड़ समेत."

"जड़ समेत!" साहेबांना जणू घबाड सापडलं. ते वाकून अगदी गोड आवाजात अवनीशी बोलू लागले. "सुना बेटा? एक-एक करके उखाड़ेंगे. इधर से, उधर से. बहुत दर्द होगा. आप तो पहले ही इतना सह चुकी हो. आप मना कर दो, तो कोई ज़बरदस्ती नहीं करेगा. घर जाओ, आराम करो."

पुढचं सांगून टाकायला हरकत नाही. ते तंतू सरोजिनी नगरातल्या, विमानतळाजवळच्या एका गोदामातल्या कापसाशी जुळले. तिथे चिंध्या फाडायचं बंद पडलेलं मशीन होतं, आणि त्याच्यामागे, कापसाच्या ढिगात, अवनीचेही केस सापडले. गोदामाचा भाडेकरू आणि त्याचा मेहुणा पकडले गेले. राजेश सुटला. पण त्याच्या उजव्या हाताचं एक बोट नंतर कधीच सरळ झालं नाही. ज्या वाहिन्यांनी त्याचा चेहरा दिवसभर दाखवला होता, त्यांनी तो निर्दोष असल्याचं खालच्या पट्टीत एकदा सरकवलं. त्याची माफी कुणी मागितली असेल, तर ती कुणाच्या कानावर आलेली नाही. हे ऐकून राग येत असेल, तर येऊ द्या. असा राग यायलाच हवा.

पण त्या दुपारी यातलं काहीही झालेलं नव्हतं. टेबलावर तो कागद होता, पुडी होती, आणि सगळे अवनीकडे बघत होते. त्या लोकांनी तिला वेणीला धरूनच गाडीत ओढलं होतं, हे तिने अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"सच में दर्द होगा?" तिने विनीता मॅडमना विचारलं.

"हाँ," मॅडम म्हणाल्या. "होगा. झूठ नहीं बोलूँगी."

अवनीने मान डोलावली. वेणीचा रबर काढून मनगटात अडकवला, आणि तिथेच उभी राहून स्वतःच्या हाताने वेणी सोडली. मग ती बाहेर गेली. अंगणात साहेबांची जीप उभी होती. दवाखान्यात जायला ती चढून पुढच्या सीटवर बसली. आतून मोठी माणसं अजून येत नाहीत असं दिसल्यावर तिने हात लांब करून स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबला, आणि पृथ्वीराज सिंह पुडी घेऊन बाहेर येईपर्यंत तो दाबूनच धरला.